बिस्किटांच्या डब्यातले डोळे

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, लगेच ये. सगळे डोळे चोरीला गेलेत."

दुसऱ्या कुणाच्या भावाने असं म्हटलं असतं तर त्याला आधी पंख्याखाली बसवून पाणी पाजावं लागलं असतं. आमच्याकडे हे वाक्य खपून जातं. माझा भाऊ कृत्रिम डोळे बनवतो. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला त्यांना दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा, हुबेहूब. पस्तीस वर्षं हेच. त्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि खरं तर मास्तरीण मी. तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली वीस परीक्षांची मुख्य पर्यवेक्षक म्हणून. कॉपी करणारं पोर मी दारातूनच ओळखायची. नजर चुकवली, विचारलं की उत्तराला उशीर केला, की झालं. ऊठ, पेपर दे. माझी ही ख्याती भावाला चांगली ठाऊक, म्हणून पोलिसांच्या आधी त्याने मला बोलावलं.

कारखाना म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला. एक मोठी खोली, उत्तरेला रुंद खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल, एक लोखंडी कपाट आणि मागे अडगळीची खोली. मी जिना चढून आले तर भाऊ कपाटासमोर स्टुलावर बसलेला. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली, केस मागे कॉलरवर लोळत होते.

"चोरीचं बघू. आधी केस काप," मी म्हटलं. मोठ्या बहिणीच्या तोंडून हे आपोआपच निघतं.

त्याने मांडीवरचा निळा डबा पुढे केला. बिस्किटांचा डबा. त्याला ती बिस्किटं फार आवडतात, त्यामुळे तसले रिकामे डबे कारखान्यात चिकार. पण एक डबा त्याचा जीव की प्राण. त्यात रंगवलेल्या बुबुळांच्या तीनशे चकत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, प्रत्येक चकतीच्या पाठीवर आकडा आणि कोणते रंग किती मिसळले ते बारीक अक्षरात. नवा माणूस आला की आधी या चकत्या त्याच्या चांगल्या डोळ्याशेजारी धरून बघायच्या. जुना परत आला की त्याचीच चकती काढून तसाच डोळा पुन्हा करायचा. हा डबा गेला म्हणजे पस्तीस वर्षं पाण्यात.

"डबा तर इथेच आहे," मी म्हटलं.

"आत बघ."

आत चकत्याच होत्या. पण एकीत बुडबुडा, एकीचा रंग फिसकटलेला, एकीची कड चुकलेली. फसलेल्या चकत्या कारखान्यात फेकत नाहीत, तसल्याच निळ्या डब्यांत भरून अडगळीत ठेवतात. डब्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली बोटभर चिठ्ठी असते. एकावर 'नमुने', बाकीच्यांवर 'बाद'. या डब्यावर 'बाद' होतं.

"कुणीतरी नमुने पळवले आणि पटकन लक्षात येऊ नये म्हणून बादचा डबा कपाटात ठेवून दिला," भाऊ म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, रंगारीण सहा महिने उमेदवारीवर आहे. आज पाचला तिला कायमचं पत्र द्यायचं होतं. आणि काल सकाळभर तो डबा एकट्या तिच्याच हातात होता."

२

रंगारीण खिडकीपाशी भिंग लावून बसली होती. वय बावीस-तेवीस. समोर अर्धवट रंगवलेलं तपकिरी बुबुळ, आणि त्यात केसाएवढ्या ब्रशने ती रेघा ओढत होती. शेजारी लाल रेशमाचे बारीक धागे पसरलेले. पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या त्याच धाग्यांच्या करतात. मी समोर खुर्ची ओढून बसले. तिने वर पाहिलं नाही.

"मी ऑटिस्टिक आहे," ती म्हणाली. "मास्तरांनी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. मी तुमच्याकडे बघणार नाही. बघितलं नाही की ऐकू नीट येतं."

"म्हणजे स्वमग्न ना?"

"मी स्वतःत मग्न नसते, बाई. कामात असते. तो शब्द ज्याने केला त्याने आम्हाला विचारलं नव्हतं."

उलट उत्तर देणारी पोरं मला नवी नाहीत. मी सरळ मुद्द्यावर आले. "काल काय झालं?"

"साडेनऊला मी कपाटातून नमुन्यांचा डबा काढला. तपकिरी रंगाचं काम होतं. दुपारी बारा ते साडेबारा मी गच्चीत जेवायला जाते, कारण त्या वेळी खाली घासायचं मशीन चालतं आणि तो आवाज मला दातांत लागतो. जाताना डब्याचं झाकण लावून तो टेबलावर ठेवला. परत आले तेव्हा तो टेबलावर नव्हता. कपाटाला कुलूप होतं. मास्तर नेहमी आत ठेवतात, तसा त्यांनीच ठेवला असेल असं मला वाटलं."

"टेबलावर आणखी काय होतं?"

"कॉलेजला पाठवायचा बादचा डबा. मास्तरांनी सकाळीच काढून दुसऱ्या टोकाला ठेवला होता. दोरी. तपकिरी कागद. माझे ब्रश."

शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी बाद चकत्या हव्यात असं एका कॉलेजने कळवलं होतं, हे मला भावाने सांगितलं होतं.

"परत आलीस तेव्हा इथे कोण होतं?"

"मास्तर पार्सल बांधत होते. तुमचा मुलगा फोनवर होता. साचेवाले काका बेसिनपाशी."

"कुणी घाबरलेलं दिसलं? गडबडलेलं? चेहऱ्यावर काही?"

तिचा ब्रश थांबला. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही."

"येणार नाही, की सांगायचं नाही?"

ब्रश पुन्हा रेघा ओढू लागला. नजर त्या बुबुळावर खिळलेली, चेहरा कोरा पाटीसारखा. माझ्या अंगातली पर्यवेक्षक खडबडून जागी झाली. तीस वर्षं जे बघत आले ते सगळं समोर होतं. नजर चुकवणं आलं, उत्तराला उशीर आला, टाळाटाळ आली.

"ही माझी पाचवी नोकरी," ती बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात म्हणाली. "आधीच्या चार ठिकाणी काही चोरीला गेलं नव्हतं, तरी मला काढलं. इथे गेलंय. म्हणजे आता काढलं तर ते बरोबरच दिसेल."

मी उठले. मनात म्हटलं, पोरगी पक्की आहे, आधीच सहानुभूती गोळा करतेय.

३

पण पुरावा हवा. नुसत्या चेहऱ्यावरून पेपर काढून घेता येतो, माणसाला घरी बसवता येत नाही. शिवाय एक साधी शंका होती. टेबलावर दोन सारखे डबे आणि शेजारी बांधायला घेतलेलं पार्सल. लहान मुलालाही सुचेल.

भावाला मी बाजूला घेतलं. "रागावू नकोस, पण तूच डब्यांची अदलाबदल केली नाहीस ना? नमुने कॉलेजला आणि बाद कपाटात?"

तो ताडकन उभा राहिला. "मी काय आंधळा आहे?"

"अरे, विचारलं फक्त."

"पस्तीस वर्षांत या हातून कुणाचा डोळा कुणाला गेला नाही. चिठ्ठी वाचली, डबा बांधला, पत्ता लिहिला, कुरिअरवाल्याच्या हातात दिला. कॉलेजला फोनबिन करायचा नाही. स्वतःचा माल ओळखता येत नाही म्हणून हसतील ते!"

एवढं तो वडिलांशीसुद्धा कधी भांडला नव्हता. मी माघार घेतली. खरंच, पस्तीस वर्षांत त्याची चूक झालेली मी पाहिली नव्हती. चोर सापडत नाही म्हणून त्याला दुखावलं, असं वाटून मीच ओशाळले.

मग मी टेबलाच्या खणातली कागदपत्रं चाळायला घेतली आणि कुरिअरची कालची पावती हाती लागली. पत्त्याची कार्बन प्रत. ती बघून माझे हातच थांबले.

भावाचं अक्षर मी त्याच्या पाटीपासून ओळखते. मोत्याचे दाणे. चकतीच्या पाठीवर तो जे लिहितो ते मुंगीने लिहिल्यासारखं असतं आणि तरी वाचता येतं. या पावतीवरचं अक्षर मात्र वीतभर, ओळ सोडून खाली घसरलेलं, कॉलेजच्या नावातला शेवटचा शब्द चौकटीबाहेर पडलेला. पत्ता मी लिहिला असं भाऊ छातीठोक सांगत होता, आणि हे अक्षर त्याचं नव्हतं.

असं फरपटलेलं अक्षर या इमारतीत एकाच माणसाचं होतं. त्या अक्षरापायी मी त्याच्या लहानपणी पट्टीही झिजवली होती. माझ्या मुलाचं.

४

चिरंजीव मामाकडे कामाला आहेत. माणसांशी बोलणं, वेळा ठरवणं, माल मागवणं हे त्याच्याकडे. मी त्याला जिन्यात गाठलं आणि पावती नाकासमोर धरली.

"हे तू लिहिलंस?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

"आई, मी तीस वर्षांचा आहे!" पण बघितलं त्याने. आणि चक्क लाल झाला.

"काय लपवतोयस?"

"कुणाला सांगू नकोस. ती दुसरी मोठी कंपनी आहे ना, तिच्याशी मी महिनाभर बोलतोय."

"नमुन्यांबद्दल?"

"नमुन्यांबद्दल कशाला? नोकरीबद्दल! काल दुपारी त्यांचाच फोन होता. मामाला कसं सांगू हे कळत नाही, म्हणून झोप नाही मला. चोर काय म्हणतेस, आई!"

खोटं बोलताना त्याचा डावा कान खाजतो, तो खाजला नाही. एवढं तरी मला वाचता येतं. "मग पार्सल कुणी केलं?"

"मामानेच. मी बघितलं ना. सकाळी केस कापायला गेला होता, सव्वाबाराला आला तो तणतणतच. पार्सल बांधलं. मग मला म्हणाला, नंबर लावून दे. दोन फोन मी लावून दिले. मी काय ऑपरेटर आहे?"

साचेवाला बेसिनपाशी हात धूत होता. रिकाम्या खोबणीचा साचा घेणं हे त्याचं काम. पन्नाशीचा माणूस, एका कानाने बहिरा, म्हणून बोलतो मोठ्याने. रंगारणीवर त्याचा राग आहे असं मी ऐकून होते. तिने एकदा डोळा करून घ्यायला आलेल्या माणसासमोरच सांगितलं होतं की काकांचा साचा अर्ध्या मिलीमीटरने चुकलाय.

"राग होता की!" तो म्हणाला. "साचा मोजला. अर्धा मिलीमीटरच होता. मग कसला राग धरणार?"

"काल मास्तर परत आले तेव्हा कसे होते?"

"कपाळावर हात धरून आले. उन्हाने डोकं चढलंय म्हणाले. चहा दिला तर बशीतच ओतला अर्धा."

"आणि ती पोरगी? मला तर ती लपवतेय असं वाटतं. घाबरलेलं कोण दिसलं विचारलं, तर सांगता येणार नाही म्हणते."

साचेवाला हात पुसायचा थांबला. "ताई, तुम्ही तिला चेहरे विचारलेत? म्हणजे मला माझ्या बहिऱ्या कानात बोलून उत्तर मागण्यातला प्रकार. त्या कानाने मी ठार बहिरा, पण या कानाने खालच्या दुकानातलं नाणं पडलेलं ऐकतो. तिला काय दिसलं ते विचारा की."

घड्याळात सव्वाचार झाले होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाऊ टेबलाशी बसला होता. त्याच्यासमोर कोरा कागद, आणि त्यावर त्याने पहिली ओळ लिहिली होती. 'उद्यापासून कामावर येऊ नये.'

५

मी पुन्हा तिच्यासमोर जाऊन बसले. या वेळी खुर्ची थोडी तिरकी केली. मीही तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले. गंमत म्हणजे मलाच बोलणं सोपं गेलं.

"सकाळी मी प्रश्न चुकीचा विचारला का गं?"

"चुकीचा नाही. मला न येणारा विचारलात. शाळेत असताना एका डॉक्टरीणबाईंनी माझी परीक्षा घेतली होती. डोळ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, हा माणूस चिडलाय की लाजलाय? मला फार कमी गुण पडले. एका फोटोत दिव्याची चमक उजव्या डोळ्यात डावीकडे आणि डाव्या डोळ्यात उजवीकडे होती. म्हणजे दोन फोटो जोडले होते. ते मी सांगितलं. त्याला गुण नव्हते."

मला हसू आलं, आणि हसता हसता मन चरकलंही. असे किती पेपर मी तपासले असतील.

"मला डोळ्यातलं मन दिसत नाही, बाई. डोळा दिसतो."

"मग काल साडेबाराला परत आलीस तेव्हापासून जे जे दिसलं ते सांग. चेहरे सोडून."

आता मात्र ती न थांबता बोलू लागली. "मास्तर खिडकीपाशी उभे होते. दोरीची गाठ तीनदा सुटली. मी तपकिरीवर अडले होते. मास्तरांनी मला सांगून ठेवलंय, तपकिरीला अडलीस तर माझा डोळा बघ, हरकत नाही. कामासाठी मी डोळ्यात बघू शकते, त्या वेळी तो रंग असतो. म्हणून मी बघितलं. पण रंग जवळजवळ नव्हताच."

"म्हणजे?"

"बाहुल्या मोठ्या होत्या. मधला काळा भाग. मास्तर भर उजेडात उभे होते. उजेडात बाहुली बारीक व्हायला हवी, ती झाली नव्हती. तपकिरी रंगाची नुसती कड उरली होती, दोन्ही डोळ्यांत सारखीच. त्या कडेवरून मला रंग जुळवता येईना, म्हणून मी काम उद्यावर ठेवलं."

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांना दिसलंच असेल असं वाटलं. सगळे तर दिवसभर एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात."

मी तिच्याकडे वळून बघितलंच. तोच माझा दोष, तोच तिचा. मला चेहऱ्यावर जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसत असणार, असं धरून मी तिला गुन्हेगार केलं होतं. तिला डोळ्यात जे दिसतं ते आम्हालाही दिसत असणार, असं धरून ती गप्प राहिली होती. फरक इतकाच, की तिच्या समजुतीने कुणाची नोकरी जाणार नव्हती.

डोळे तपासताना बाहुली मोठी करायचं औषध घालतात, हे मला माझ्या तपासणीमुळे माहीत होतं. त्यानंतर चार-पाच तास जवळचं काही वाचता येत नाही, ऊन सहन होत नाही. आणि माझे शहाणे बंधू काल सकाळी केस कापायला गेले होते म्हणे. ज्या केसांवरून मी आल्या आल्या त्याला झापलं होतं, तेच कॉलरवर लोळणारे केस!

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही. आणि इथे तर चोरही नव्हता.

"तो कागद पुरा करू नकोस!" मी तिथूनच ओरडले.

६

सगळे टेबलाभोवती जमले. भावाच्या हातातलं पेन मी काढून घेतलं.

"काल न्हाव्याकडे गेला होतास?"

"हो."

"न्हाव्याने केसांना नुसतं कुरवाळून परत पाठवलं वाटतं."

त्याचा हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ऊन सोसेना, चहा बशीत ओतलास, फोनचे आकडे दिसेनात म्हणून भाच्याकडून लावून घेतलेस. पावतीवरचं हे वीतभर अक्षर तुझंच आहे, मी उगाच पोटच्या पोरावर आळ घेतला. आणि त्या वेळी उजेडात तुझ्या बाहुल्या मोठ्या होत्या. हे तिघांच्या समोर होतं, दिसलं मात्र एकटीला." मी रंगारणीकडे हात केला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतास. औषध घालून आलास आणि तसाच पार्सल बांधायला बसलास. दोन निळे डबे, दोन बोटभर चिठ्ठ्या. वाचल्यास त्या?"

माझा भाऊ, पस्तीस वर्षं लोकांना डोळे देणारा माणूस, दोन्ही तळवे तोंडावर घेऊन म्हणाला, "नाही वाचल्या. धुकंच होतं नुसतं. डावीकडचा कॉलेजचा, एवढं धरून चाललो. पण मीच सकाळी कुठल्या टोकाला ठेवला होता, तेच आठवत नव्हतं."

"मग सकाळी छातीठोक सांगितलंस ते?"

"सहा महिने रंग फिके दिसतायत, ताई. माझे डोळे गेले तर मी काय करू? डोळे बनवणाराच आंधळा झाला, असं लोक म्हणतील. काल गेलो एकदाचा. त्यांनी कागद दिला, पण औषधामुळे वाचता आला नाही. रात्री वाचता आला असता, पण धीर झाला नाही. डबे बदलले असतील हे मनात आलं नाही असं नाही. पण ते कबूल केलं असतं तर हेही कबूल करावं लागलं असतं."

"आणि त्यापायी हिला घरी बसवणार होतास!" मी चांगलीच चिडले होते, आणि त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला कळत होतं.

मुलाने तोवर कॉलेजला फोन लावला होता. तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडच्या प्राध्यापकबाई उत्साहाने बोलत होत्या. "मिळाला, मिळाला! आत्ताच उघडला. अहो, तुमच्याकडे हे बाद म्हणतात? मुलं थक्क झालीत. उद्या सराव म्हणून आम्ही या चकत्यांवरचे रंग खरवडून—"

"नका!" आम्ही पाचही जण एका सुरात ओरडलो. साचेवाला सर्वांत मोठ्याने.

तीनशेच्या तीनशे चकत्या सुखरूप होत्या. मुलगा तेव्हाच त्या आणायला निघाला. जाता जाता मामाच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला, तेव्हा मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. तोही एक डबा उघडला गेला, बरं झालं.

मग मी भावाच्या खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. वाचला आणि खुर्चीत टेकले.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. पडदे उत्तम, शस्त्रक्रियेने दृष्टी पूर्ववत होईल, असं लिहिलंय. आपल्या शेजारच्या काकूंचं झालं तेच, चार दिवसांत सुईत दोरा ओवत होत्या. यासाठी तू सहा महिने झुरलास?"

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. साचेवाल्याने त्याला खांद्याला धरून बसवलं. चोर नव्हता, चोरी नव्हती, भावाचे डोळे जाणार नव्हते. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं.

रंगारीण खिडकीपाशी जाऊन पुन्हा भिंग लावून बसली होती. मी तिच्याकडे गेले. वीस वर्षांत मी किती पोरांना उठवलं असेन आणि त्यातली किती नुसती खाली बघणारी असतील, हा हिशेब आता मला लागणार नव्हता. पण समोरच्या एकीपुरतं तरी करता येत होतं.

"मी तुला चोर ठरवलं होतं," मी म्हटलं. "नजर चुकवतेस म्हणून. माझं चुकलं."

तिने विचार केला. "बरं," ती म्हणाली. "काका म्हणतात मला खोटं बोलता येत नाही. तेही बरोबर नाही. येतं. पण नंतर ते लक्षात ठेवावं लागतं, त्याचा कंटाळा येतो."

भाऊ डोळे पुसत आला. त्याने तो अर्धवट लिहिलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला. "शस्त्रक्रिया होईपर्यंत शेवटची तपासणी तुझी. मी केलेल्या कामाचीसुद्धा. आणि नंतरही तू इथेच."

"कायमची?"

"कायमची."

"पत्रावर तारीख घाला. मागच्या ठिकाणी घातली नव्हती."

त्याने तारीख घातली, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी केली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि ब्रश उचलला. चेहरा सकाळी होता तसाच, रेषाही हललेली नाही. मी मनातल्या मनात हिरमुसले. एवढं सगळं झालं, निदान एखादं हसू तरी!

भिंगावरून नजर न काढता ती म्हणाली, "बाई, मला आत्ता फार बरं वाटतंय. दुपारपासून माझ्या पोटात दुखत होतं, ते थांबलं. चेहऱ्यावर दिसत नसेल, म्हणून सांगून ठेवते."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं, आणि खुर्ची तिरकी करून तिच्याशेजारी बसून राहिले.